वाघीण रस्त्यावर आली की गाडी मागे घ्यायची

३१ डिसेंबर २०२४ चा गोठणगावचा व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, पुढून जिप्स्या, मागून जिप्स्या, आणि मधे ते अख्खं कुटुंब अडकलेलं. वर्षाचा शेवटचा दिवस, नागपूरहून तासा-दीड तासाचा रस्ता, त्यामुळे गर्दी असणारच होती. पण तो व्हिडिओ बघताना मला गर्दीपेक्षा दुसरंच खटकत राहिलं. वाघिणीला बाहेर पडायला वाट हवी आहे हे समोर दिसत असताना ती वाट करून द्यायचं कुणाच्या मनातच येत नव्हतं.

पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं बातम्या वाचून स्वतःहून दखल घेतली. वनविभागानं चालकांना आणि गाईडना आधी सात दिवसांसाठी निलंबित केलं होतं, मग ओरड झाल्यावर त्याचे तीन महिने झाले आणि दंडही वाढला. कारवाई व्हायलाच पाहिजे होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं गाडीत मागे बसलेल्यांबद्दल आहे, म्हणजे तुमच्या-माझ्याबद्दल, कारण आम्ही विदर्भातली माणसं घरी पाहुणे आले की त्यांना जंगलात नेतो, पुण्या-मुंबईचे लोक दोन-दोन महिने आधी बुकिंग करून येतात, आणि आपल्यापैकी प्रत्येकाला वाटतं की आपण तर फक्त बघायला आलोय, आपण काय त्रास देणार कुणाला.

सफारीवर गेलेल्यांना गेटवरचं वातावरण माहीत आहेच. ताडोबाला मोहर्ली घ्या नाहीतर कोलारा, खुटवंडा, नवेगाव, झरी, पांगडी, कुठलंही कोअरचं, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्याचं गेट घ्या, पहाटे अंधारात गाड्या लागलेल्या असतात, ओळखपत्रं तपासणं चाललेलं असतं आणि पहिला प्रश्न एकच, "दादा, सध्या साईटिंग कुठं चालू आहे?" म्हणजे वाघ कुठे दिसतोय. मग गाईड सांगतो, काल संध्याकाळी अमुक पाणवठ्यावर होती, बछडे सोबत होते. गेट उघडलं की सगळ्या गाड्या त्याच दिशेला. आत फोनला रेंज नसली तरी बातमी पसरायची थांबत नाही, समोरून येणारी प्रत्येक जिप्सी वेग कमी करते, "काही मिळालं का?" "तिकडं कॉल चालू आहे सांबराचा." म्हणजे वाघाची चाहूल लागली की सांबर ओरडतं तो आवाज. झालं, दहा मिनिटांत तिथे रांग. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्रप्रकल्पांच्या कोअरमधल्या पर्यटन भागात मोबाईल वापरायला मनाई केली ती मला बरोबरच वाटते, पण मोबाईल बंद झाल्यानं ही घाई बंद होईल असं मला वाटत नाही. ती आपल्या डोक्यातली घाई आहे. एवढे पैसे भरले, एवढ्या लांबून आलो, वाघ नाही दिसला तर ट्रिप फुकट गेली, हे आपण गाडीत बसायच्या आधीच ठरवून टाकलेलं असतं.

आणि ते आपण बोलूनही दाखवतो ना. "भाऊ, काहीही कर पण दाखव." "आज दिसला तर खूश करून जाऊ तुला." हे वाक्य गाईडच्या जागी बसून ऐकून बघा. तो मोहर्लीचा किंवा कोलाऱ्याचा पोरगा, त्याच्या घरची शेती डुकरं आणि नीलगायी खातात, गेटवर रोटेशननं त्याचा नंबर लागतो, ठरलेली फी मिळते आणि वरची टिप मात्र सगळी साईटिंगवर. नियम त्याला तोंडपाठ असतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत जनावरापासून गाडी किमान वीस मीटर लांब हवी, त्याला घेरायचं नाही, चालत्या दोन गाड्यांमध्ये पन्नास मीटर अंतर हवं, हे सगळं लिहिलेलं आहे. पण मागे बसलेली सहा माणसं "पुढे घे, पुढे घे, त्या गाडीला बघ किती जवळून मिळतंय" म्हणत असतील तर त्यानं काय करायचं? त्यानं ऐकलं नाही तर टिप जाते, वर ऑनलाईन वाईट रिव्ह्यू, आणि ऐकलं तर तीन महिने घरी. फोटो काढणारा तोवर आपल्या शहरात पोचून फोटो टाकून मोकळा झालेला असतो. फोटोवाल्या मंडळींचं तर हेड-ऑनशिवाय भागत नाही, वाघ कॅमेऱ्याकडे तोंड करून चालत आला पाहिजे. आता वाघ तसा चालत यायचा म्हणजे गाडी त्याच्या वाटेतच असली पाहिजे, हे साधं गणित आहे.

वाघ जंगलातला रस्ता का वापरतो हेही समजून घ्यायला हवं. मातीचा मोकळा रस्ता पायाला सोपा असतो, काटे नाहीत, वाळलेल्या पानांचा आवाज नाही, शिवाय हद्दीवर खुणा करत फिरायला बरा पडतो. म्हणून वाघ रस्त्यावर येतो, आपल्याला भेटायला येत नाही. सोबत बछडे असले की मामला फारच नाजूक होतो. बछडे साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत आईवर अवलंबून असतात, ती त्यांना एका जागी दडवून शिकारीला जाते, परत येऊन बोलावते, मारलेल्या जनावरापर्यंत घेऊन जाते. आता मधे गाड्या आल्या, दोन बछडे रस्त्याच्या एका बाजूला आणि आई तीन पिल्लांसह दुसऱ्या बाजूला, की ते मागचे दोघं तिथेच गवतात दबून बसतात आणि आई पुढे जाऊ शकत नाही. आपण गाडीतून म्हणतो, बघा कशी मस्त बसून राहिली आहे! अहो, ती बसलेली नाही, ती खोळंबली आहे. पाच पोटं भरायची म्हणजे तिला जवळजवळ रोज शिकारीच्या मागे राहावं लागतं, त्यात गाड्यांच्या धावपळीनं चितळं बिथरली की तिचा डाव वाया. त्या डावाची किंमत आपल्याला कधीच दिसत नाही.

हे नुसतं हळवेपणानं बोलत नाहीये. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगडमधल्या वाघांची विष्ठा गोळा करून त्यातून ताणाच्या संप्रेरकांचं प्रमाण मोजलं होतं, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पर्यटन चालू असतानाच्या काळात ते प्रमाण बंद काळापेक्षा जास्त निघालं आणि गाड्यांच्या संख्येशी त्याचा संबंध दिसला. वाघाला पकडायची, सुई टोचायची गरज नाही, त्याची विष्ठाच सांगते. असा ताण सतत राहिला तर प्रजननावर परिणाम होऊ शकतो असं ते शास्त्रज्ञ सांगतात. ताडोबाचा कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, मंगळवारी बंद असतो, ते बरंच आहे. पण बफरमध्ये, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यात, काही गेटं पावसाळ्यातही चालू असतात आणि बफर म्हणजे काही वाघांचं बाहेरचं अंगण नव्हे, कित्येक वाघिणींचा संसार बफरमध्येच आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात लिहायला बसलो ती.

२० नोव्हेंबर २०२१, ताडोबाचं कोलारा क्षेत्र. व्याघ्रगणनेआधीचं काम चालू होतं, एक महिला वनरक्षक आणि सोबत तीन वनमजूर पायी निघालेले. चारेक किलोमीटर आत गेल्यावर पुढे सुमारे दोनशे मीटरवर वाघीण रस्त्यात बसलेली दिसली. ही माया, टी-१२, ताडोबातली सगळ्यात जास्त फोटो निघालेली वाघीण, अर्ध्या महाराष्ट्राच्या मोबाईलमध्ये तिचा फोटो असेल. ती चार माणसं थांबली. जवळपास अर्धा तास थांबली. वाघीण उठली नाही तेव्हा त्यांनी तिला रस्ता सोडून दिला आणि दाट जंगलातून वळसा घालून पुढे जायचं ठरवलं. वाघीण मागावर आली आणि तिनं सगळ्यात मागे चालणाऱ्या त्या वनरक्षक ताईंना ओढून नेलं. त्यांचं घर, लहान लेकरू, सगळं मागे राहिलं.

ही घटना मला विसरता येत नाही. ज्या बाईंना तिथे असण्याचा आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त हक्क होता, ज्या जंगलाचं काम करत होत्या, त्या पायी होत्या, त्यांच्याकडे गाडी नव्हती, त्या अर्धा तास थांबल्या आणि वाट सोडून बाजूला झाल्या. आणि आपण गाडीत बसून अर्धा मिनिट मागे जात नाही. माया गाड्यांना सरावलेली होती हे खरं, तिथले बरेचसे वाघ सरावलेले आहेत, गाडीच्या बाजूनं निवांत निघून जातात. त्याच्यामुळेच तसं झालं असं मी म्हणणार नाही, ते कुणी सांगू शकत नाही. पण सफारी करून आलेला माणूस "काही करत नाही हो, एकदम शांत असतो वाघ" असं जे सांगत फिरतो ना, ते ऐकलं की मला त्या वनरक्षक ताई आठवतात. गाडीत बसलेल्या माणसाला दिसलेला वाघ आणि पायी चालणाऱ्या माणसाला भेटलेला वाघ या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. (मायाही पुढे ऑगस्ट २०२३ पासून दिसेनाशी झाली आणि नोव्हेंबरमध्ये तिचे अवशेष सापडले.)

आणि पायी चालणारे काही थोडेथोडके नाहीत. एप्रिल-मे हा सफारीचा भर सीझन, ऊन तापलं की पाणवठ्यावर वाघ हमखास मिळतो म्हणून गेटं फुल्ल. नेमका तोच मोहफुलांचा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम. ज्या पहाटे आपण जिप्सीत चढतो त्याच पहाटे सिंदेवाही, मूल, चिमूर, ब्रह्मपुरी भागातल्या बाया फडकं डोक्याला बांधून तेंदूपत्ता तोडायला जंगलात शिरतात, वाकून पानं तोडतात, आणि वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसतच नाही. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात मेंढा-माल भागात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात जीव गेला. एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात, एकजण वाघ जवळ यावा म्हणून पैसे भरतोय आणि दुसरीला तो लांब राहिला तरच घरी जायला मिळणार आहे. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले, त्यातले ९७ ताडोबा प्रकल्पात. चंद्रपूर जिल्ह्यात प्रकल्पाच्या बाहेरच्या जंगलातही वाघ भरपूर, शेताला लागून, गावाला लागून. तिथल्या माणसांनी वाघ सहन केलाय म्हणून आपल्याला तो बघायला मिळतो, हे मी पाहुण्यांना दरवेळी सांगतो, काहींना कंटाळा येतो, तरी सांगतो.

ताडोबा हे नावसुद्धा अशाच एका माणसावरून पडलं असं तिथले आदिवासी सांगतात. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना गेला, तळ्याच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे लोक दर्शनाला यायचे. गाड्यांतून त्या तळ्यावर मगर बघायला थांबणाऱ्यांपैकी किती जणांना तारू माहीत असतो कोण जाणे.

आता कोणी म्हणेल, मग पर्यटन बंदच करा. मला तसं वाटत नाही. २०१२ मध्ये जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत सर्वोच्च न्यायालयानं कोअरमधलं पर्यटन थांबवलं होतं, तेव्हा गेटवरच्या गावांमधली काळजी मी ऐकलेली आहे. शेवटी वीस टक्क्यांपर्यंत भाग खुला ठेवायचा असं ठरून ते परत सुरू झालं. पर्यटक आत फिरतात तिथे डोळे असतात, फास लावणाऱ्याला सोपं जात नाही, गावात रोजगार येतो, आणि ज्या गावाच्या चुली वाघामुळे पेटतात ते गाव वाघाला मारू देत नाही. कऱ्हांडल्याचंच बघा. २०१३ मध्ये नागझिऱ्याहून शेतं, रस्ते, वस्त्या ओलांडून जय नावाचा वाघ तिथे आला आणि त्याच्यामुळे नुकतं घोषित झालेलं हे छोटं अभयारण्य जगाला माहीत झालं, लोकांच्या घरात दोन पैसे आले. एप्रिल २०१६ नंतर जय कुणाला दिसला नाही आणि गावकरी अजूनही त्याच्याबद्दल आपल्या माणसासारखं बोलतात. हे प्रेम खरं आहे. त्याच अभयारण्यात त्या पाच बछड्यांना घेरलं गेलं म्हणून जास्त वाईट वाटतं.

मी एकदा बफरमध्ये बघितलंय की हे बदलायला काही लागत नाही. संध्याकाळची वेळ, वाघीण बांबूतून बाहेर आली, मागे अर्धवट वाढलेली पिल्लं, आणि आमच्यासकट चार-पाच गाड्या रस्त्यावर. पुढच्या गाडीतले लोक चालकाला इशारे करत होते. आमच्या गाडीत एक वयस्कर मावशी होत्या, भद्रावतीकडच्या, त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, "भाऊ, घे ना गाडी मागे, तिले पलीकडं जायचं आहे."

"मावशी, मागची गाडी हलत नाही ना."

"तर सांग ना तिले. मी सांगतो का?"

आणि त्या खरंच मागे वळल्या, हातानं खूण केली, मागे घ्या, मागे घ्या. मागच्या गाडीतल्या माणसाच्या हातात भलीमोठी लेन्स होती, त्यानं आधी तोंड वाकडं केलं, पण चालकाला तेवढाच आधार पुरला. प्रवासीच म्हणतायत म्हटल्यावर त्यानं लगेच गाडी मागे घेतली, मग त्याच्या मागच्यानं घेतली. वाघीण पिल्लांना घेऊन पलीकडे निघून गेली. आमचा गाईड नंतर म्हणाला, "साहेब, आम्ही म्हटलं तर पब्लिक भांडते. तुमच्यापैकी कोणी म्हटलं की कोणी काही बोलत नाही." हे वाक्य मी तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवतो.

म्हणून मी आता गेटवरच गाडी निघायच्या आधी गाईड आणि चालक दोघांना सांगून टाकतो, दादा, वाघ दिसो न दिसो, तुमची टिप पक्की आहे, गर्दीत घुसायचं नाही, बछडेवाली वाघीण असली तर लांबूनच बघू. खरं सांगतो, हे ऐकल्यावर गाईडचा चेहरा बदलतो. मग तो त्याचं जंगल दाखवायला लागतो. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, उन्हाळ्यात पांढरंफटक उभं राहणारं भुताचं झाड, मोहाखाली अस्वलानं उकरलेली माती, रानकुत्र्यांची टोळी पाण्यावर कशी उतरते, तळ्यावरचा मत्स्यगरुड, पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग पक्षी. हे सगळं त्याला येतं, लहानपणापासून येतं, फक्त त्याला कोणी विचारत नाही. त्या फेऱ्यांना वाघ कधी दिसला, कधी नाही दिसला, पण वाट बघत एका जागी गप्प बसलेल्या गाडीला जंगल जास्त दिसतं हे नक्की.

ज्यांना खरंच गप्प बसायची हौस आहे त्यांनी बुद्धपौर्णिमेचा निसर्गानुभव करून बघावा. वनविभाग त्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणांवर बसू देतो, आधी नाव नोंदवावं लागतं, जागा थोड्या असतात. संध्याकाळी मचाणावर चढायचं ते सकाळीच उतरायचं, सोबत वनविभागाचा माणूस, आणि चांदण्यात पाण्यावर कोण कोण आलं ते कागदावर लिहायचं. इथे कोणी कुणाचा पाठलाग करत नाही. जनावर त्याच्या वेळेनं येतं, पाणी पितं, जातं.

जाणाऱ्यांसाठी आणखी दोन-चार गोष्टी. पाणी घरच्या स्टीलच्या बाटलीत न्या, फेब्रुवारी २०२४ मध्ये रामदेगी भागातल्या वाघाचा तोंडात प्लास्टिकची बाटली धरलेला व्हिडिओ सगळीकडे फिरला होता, ती बाटली कुणीतरी माणसानंच आत नेलेली होती. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच समजावून ठेवा की वाघ दिसला तर ओरडायचं नाही. भडक कपडे, अत्तर नको. आणि तुमच्या गाडीचा चालक किंवा गाईड नियमानं वागला, गर्दी बघून लांब थांबला, तर बाहेर आल्यावर गेटवर त्याचं नाव घेऊन तसं सांगा, रिव्ह्यू लिहिणार असाल तर त्यातही लिहा. तक्रारी करायला सगळे पुढे येतात, ह्या पोरांबद्दल चांगलं फार कमी लोक लिहून देतात, आणि पुढच्या गाडीतल्या लोकांनी दबाव आणला तर तेच लिहिलेलं त्याच्या कामी येतं.